आजाऱ्याची कॉफी

चहा पिणाऱ्या माणसाकडे मी त्या काळी जरा वरूनच बघत असे. धुळ्याला एका मारवाडी शेटजींच्या कापसाच्या पेढीवर मी कारकून होतो, आणि कापसाचे नमुने घेऊन मला अधूनमधून जळगावला जावं लागे. तिथं स्टेशनाजवळच्या एका हॉटेलात एका बड्या दलालानं मला पहिल्यांदा कॉफी पाजली. खरं सांगायचं तर पहिल्या घोटाला मला करपलेल्या भाकरीची आठवण झाली. पण दलालानं डोळे मिटून घेतले होते, म्हणून मीही मिटले. त्या दिवसापासून मी कॉफी पिणारा माणूस झालो. चहा काय, हमालही पितात, असं मी धुळ्याला परतल्यावर पेढीच्या दारात उभं राहून बोलूनही दाखवलं. हमाल तिथंच गाठी उचलत होते. त्यातला एक म्हणाला, "भाऊ, तुम्ही काय बी प्या, पन वाटमातून सरका."

आमच्या चौकातल्या हॉटेलात कॉफी मिळे, पण ती मुद्दाम सांगून करवून घ्यावी लागे आणि तिला चहाच्या दुप्पट पैसे पडत. त्या सांगण्यातच खरी चव होती. पेढी सुटली की मी हॉटेलात शिरे, पंख्याखालच्या खुर्चीवर बसे आणि नुसतं "आपली नेहमीची" असं म्हणे. पंखा बंद असे, पण खुर्ची त्याच्या खालीच होती. आजूबाजूच्या दोनचार माना वळल्या की माझं पोट निम्मं तिथंच भरे.

घरी आम्ही तिघं. माय, मी आणि माझी धाकटी बहीण. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. बहिणीचं शिंदखेड्याच्या एका शाळामास्तराशी जमत आलं होतं. मास्तर बघायला आला तेव्हा त्यानं तिला स्वयंपाकाचं काही विचारलं नाही, काय वाचतेस एवढंच विचारलं. त्यानंतर चार दिवस ती चूल फुंकतानाही हसत होती. देण्याघेण्याची बोलणी झाली होती, फक्त सुपारी फुटायची बाकी होती. आमच्याकडे सुपारी फुटली की लग्न ठरलं. तोवर कुणीही, कशावरूनही मागं फिरू शकतो, आणि त्याला कुणी नावं ठेवत नाही.

लग्न डोक्यावर आलं तशी माय माझ्या हॉटेलावर घसरली.

"बहीणना लगनले पैसा लागतीन का नही?" ती म्हणाली. "आनि तू रोज खुर्चीवर बशीसन काय पेस, ते तरी सांग."

मी तिला कॉफी म्हणजे काय ते समजावून सांगितलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "मंग ती घर कर. चूल काय फक्त हॉटेलवालाकडेच शे का?"

ही गोष्ट मला सुचली नव्हती, पण दुसऱ्या दिवशी पेढीवर मी ती माझीच युक्ती म्हणून सगळ्यांना सांगितली. घरी कॉफी करायची आणि वाचतील ते पैसे बहिणीच्या लग्नासाठी बाजूला टाकायचे. तयार पूड महाग, म्हणून कच्च्या बिया आणायच्या, घरीच भाजायच्या, घरीच कुटायच्या. काटकसर करायची तर मुळापासून करावी, असा माझा बाणा.

कच्च्या बिया आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या एका मारवाड्याच्या किराणा दुकानात होत्या. (धुळ्यात गल्ल्यांना नंबर असतात. आमचा नंबर सांगत नाही, तिथं अजून आमची माणसं राहतात.) दुकानदारानं त्या हिरडा, सुंठ आणि ज्येष्ठमध यांच्या शेजारच्या बरणीतून काढल्या. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. आमच्या गल्लीत कॉफी हे पिण्याचं पेय नव्हतंच. तापातून उठलेल्या अशक्त माणसाला जायफळ घालून द्यायचं ते एक औषध होतं. कॉफी घेणाऱ्याच्या घरी कुणीतरी अंथरुणावर आहे, हे दुकानदार गृहीतच धरी.

"घर में कौन बीमार है, भाऊ?" त्यानं तागडी उचलत विचारलं.

मला विनोद सुचला. मला विनोद सुचला की पुढं काहीतरी वाईट घडतं, हा अनुभव मला पुढच्या आयुष्यात अनेकदा आला. हा त्यातला पहिला.

"मीच," मी म्हणालो. "कॉफीवाचून मीच आजारी आहे. आता रोज लागणार."

तो हसला नाही. त्यानं तागडीत चार बिया जास्त टाकल्या आणि वर एक जायफळ फुकट दिलं. मारवाड्यानं फुकट काही दिलं, याचा मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू. घरी जाऊन मी मायला म्हणालो, बघ, काटकसर सुरूसुद्धा झाली.

बिया भाजायचं काम मी स्वतःकडे घेतलं. माय म्हणत होती की मंद आचेवर हलवत राहा. पण मला जळगावच्या कॉफीचा काळा रंग हवा होता, म्हणून मी जाळ मोठा केला. थोड्याच वेळात तव्यावरून असा धूर निघाला की बहीण ओढणीनं डोळे पुसत अंगणात गेली आणि माय तिच्यामागे. मी मात्र हटलो नाही. धुरात उभा राहून खोकत राहिलो आणि बिया हलवत राहिलो. दुसऱ्या दिवशी रंग अजून हवा तसा आला नाही म्हणून आणखी थोड्या भाजल्या आणि आणखी खोकलो. असं आठवडाभर चाललं. सकाळी गल्लीतल्या बाया नळावर जमत तेव्हा आमच्या घरातून खोकला ऐकू येई, आणि खोकला थांबला की उगाळलेल्या जायफळाचा वास.

आमच्या समोरच्या घरात एक अक्का राहत. गल्लीत कुणी आजारी पडलं की पहिल्या समाचाराला जायचा मान त्यांचा. डॉक्टरही त्यांच्या नंतर येई. एका संध्याकाळी त्या आमच्या ओट्यावर येऊन बसल्या.

समाचाराला येणारा माणूस आमच्याकडे आजाराचं नाव काढत नाही. आधी कापसाचा भाव विचारायचा, मग पांझरा नदीला पाणी किती आहे ते, मग गावाकडच्या म्हशीचं. आजाऱ्याच्या तोंडाकडे मात्र नजर ठेवायची. हे मला पाठ होतं. लहानपणापासून मी मायबरोबर दहा घरी असा बसून आलो होतो. पण आपण स्वतः आजारी नाही हे ठाऊक असलं की माणसाला समोरचा समाचाराला आलाय हे ओळखू येत नाही. मला वाटलं, अक्का कॉफीच्या वासानं ओढल्या गेल्या.

म्हशीचं झाल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "रातले झोप लागस का, भाऊ?"

"कसली झोप," मी ऐटीत म्हणालो. जळगावचा दलाल म्हणे, खऱ्या कॉफीवाल्याला झोप लागत नाही. "दोन वाजेपर्यंत टक्क जागा असतो."

"आनि भूक?"

"भूक तर मेलीच आहे. एक घोट घेतला की दिवसभर काही नको वाटतं."

"छातीमा काही?"

"धडधड होते कधीकधी," मी म्हणालो. "पण त्यातच मजा आहे, अक्का."

अक्कांनी पदर डोळ्याला लावला. मी आत जाऊन त्यांच्यासाठी कॉफी आणली. त्या वाटीकडे बघून मागं सरकल्या. "नको भाऊ. तुनी तुलेच राहू दे."

ज्याला देतो तो घेत नाही म्हणजे माणूस मानी आहे, अशी मी समजूत करून घेतली.

दुसऱ्या दिवसापासून रीघ लागली. कुणी सावद्याची केळी घेऊन आलं, कुणी डाळिंब, कुणी नुसतंच हात जोडून. येईल तो भिंतीला टेकून बसे, कापसाचा भाव विचारी आणि माझ्याकडे टक लावून बघे. मी खूश. गल्ली सुधारली, माणसं कॉफीला जमायला लागली, आता हॉटेलातल्या खुर्चीची गरज काय, असं मला वाटे. मी प्रत्येकाला आग्रह करी. काही जण अक्कांसारखे हात आखडून घेत. बाकीचे बिचारे आजाऱ्याचं मन मोडू नये म्हणून औषधासारखी नाक दाबून एका दमात पीत आणि वर म्हणत, "लवकर बरं वाटो." मला तो कॉफीला दिलेला आशीर्वाद वाटला.

दूध दुप्पट लागू लागलं, साखर तिप्पट. बिया दर दोन दिवसांनी संपत. दुकानदार आता काही न विचारताच पुडी बांधून ठेवी आणि देताना मान खाली घाली. माय एकदा चुलीपुढं बसून म्हणाली, "हॉटेलमा तू एकटाच पेत व्हता ना रे." बाजूला टाकायच्या पैशांसाठी बहिणीनं एक डबा धुऊन पुसून ठेवला होता, त्यात अजून काहीच पडलेलं नव्हतं.

पेढीवरही माझी किंमत वाढली होती, असा माझा समज. शेटजींनी माझी बैठक आतल्या खोलीतून उचलून दाराशी नेली. "इधर हवा अच्छी है," ते म्हणाले, आणि स्वतः मात्र माझ्यापासून दोन गाद्या लांब सरकून बसले. दाराशी बसलेला कारकून येणाऱ्याजाणाऱ्याला पहिला दिसतो, म्हणजे ही बढतीच, असं मी घरी सांगितलं. नाभिकानं माझ्यासाठी वेगळा वस्तरा ठेवला तेव्हाही मला वाटलं, मोठ्या माणसाची सोय.

शेवटी सगळा उलगडा केला तो शिंदखेड्याहून येणाऱ्या प्रवासी मोटारीच्या ड्रायव्हरनं. तो ओळखीचा होता, निरोप पोचवी. ओट्याशी लांबच उभा राहून तो मायला म्हणाला, "मास्तरना काका सांगी ऱ्हायनात, सुपारीनी घाई करू नका. आधी भाऊनी तब्येत सुधारू द्या. आबा सोता बाजारना दिवस समाचारले येतीन."

"कोना भाऊनी तब्येत?" माय म्हणाली.

ड्रायव्हरनं माझ्याकडे बोट केलं. मी तेव्हा कॉफी पीत होतो. घोट नेमका चुकीच्या वाटेनं गेला आणि मला ठसका लागला. ड्रायव्हर आणखी दोन पावलं मागं सरकला.

मग हळूहळू सगळं एका ओळीत बसलं. खोकला, जायफळ, झोप नाही, भूक नाही, छातीत धडधड. क्षयाची सगळी लक्षणं मी स्वतःच्या तोंडानं अक्कांना सांगितली होती, तीही मजेनं. अक्कांनी ती नळावर सांगितली आणि नळावरून शिंदखेडा फार लांब नाही. ज्या घरात क्षय आहे त्या घरची मुलगी कोण करतो?

माय भिंतीला टेकून खाली बसली. बहीण लग्नासाठी चोळी शिवत होती. तिनं दोरा दातानं तोडला, चोळीची घडी केली आणि पेटीत ठेवली.

"तुम्ही पेत ऱ्हा, भाऊ," ती म्हणाली. "सासर काय, दुसरं बी भेटी."

ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे म्हणाली आणि ताट मांडायला गेली. मी गल्लीत जाऊन घरोघर सांगू लागलो की मी ठणठणीत आहे. पण आजारी माणूस असंच म्हणतो हे सगळ्यांना माहीत होतं. एका आजोबांनी माझ्या पाठीवर हात ठेवून म्हटलं, "हिंमत ठेव."

बाजाराच्या दिवशी शेटजींनी रजा मागण्याआधीच दिली. मायनं कॉफीची पूड, बिया, जायफळ, सगळं उचलून शिंक्यावर टाकलं आणि मला बजावलं की आज याला हात लावायचा नाही. मी लावला नाही. पण सकाळपासून जीव असा उडालेला की पाय आपोआप चौकातल्या हॉटेलाकडे वळले. पंख्याखालच्या खुर्चीवर बसून मी आपली नेहमीची मागवली. धीर आला नाही म्हणून दुसरी मागवली. घरी आलो तेव्हा पोटात अन्नाला जागा म्हणून उरली नव्हती.

आबा म्हणजे मास्तराचे काका. धिप्पाड माणूस, डोक्याला मोठं पागोटं. हातात मोसंब्यांची पिशवी. त्यांनी ती माझ्यापुढं ठेवली, कापसाचा भाव विचारला, पांझरेला पाणी किती ते विचारलं, म्हशीची चौकशी केली. आमच्याकडे म्हैस नव्हती. मी तरी सगळ्याची उत्तरं छाती पुढं काढून, मोठ्या आवाजात दिली. आबा म्हणाले, "जोरमा बोलू नको, बेटा. दम लागी."

मायनं पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांच्या, जाळावर वांगी भाजून भरीत केलं होतं. सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. आबांचं ताट मांडलं तसे ते म्हणाले, "एकटा जेवाना नही मी. भाऊले संगे बसाडा."

मायनं माझ्याकडे बघितलं. मला कळलं की परीक्षा ही आहे. आमच्याकडे डॉक्टरच्या नळीपेक्षा ताटावर विश्वास जास्त. जो माणूस भरीत आणि भाकरी पोटभर खातो तो आजारी नाही. ज्याच्यानं ताट संपत नाही त्याचं काही खरं नाही.

मी मांडी घातली. आबा स्वतः जेवत होते पण डोळे माझ्या ताटावर. दाराच्या चौकटीत अक्का येऊन उभ्या राहिल्या होत्या, हातात कसलं तरी भांडं घेऊन, उसनं काही मागायला आल्यासारख्या. बहीण वाढत होती. तिनं मला भाकरीचा चतकोर वाढला.

"पुरी वाढ त्याले," आबा म्हणाले.

पुरी भाकरी आली. प्रत्येक घास गळ्यापर्यंत जाई आणि तिथं आधीच बसलेल्या दोन कप कॉफीशी हुज्जत घाली. मी चावत होतो, हसत होतो, वा वा म्हणत होतो. एक भाकरी संपली. आबांनी नजरेनंच दुसरी वाढायला सांगितली. बहिणीच्या हातातली भाकरी ताटाजवळ येऊन क्षणभर थांबली. तिला दिसत होतं की माझ्या कपाळावर घाम आलाय. मी ती तिच्या हातातून घेतली आणि जेवण अंगी लागतंय हे दाखवायला ठेच्याचा मोठा गोळा उचलून तोंडात टाकला.

तो नेमका घशात अडकला.

खोकला येतोय हे मला पोटातून कळलं. आता खोकलो तर शिंदखेडा गेलं. मी ओठ मिटले. दात आवळले. कानातून वाफ जातेय असं वाटलं. डोळ्यांतून पाणी गालावर आलं, नाकातून आलं, मिशांवर आलं. मी समोरच्या खुंटीकडे बघत राहिलो आणि मान डोलवत राहिलो, जणू ठेचा फारच छान झालाय.

"डोयाले पानी काब उनं?" आबांनी विचारलं.

मला तोंड उघडता येत नव्हतं. मी बोटानं ठेच्याकडे दाखवलं.

"ठेचाले?" आबा म्हणाले. "इतला ठेचाले कोन रडस. हाऊ तर आमनाकडं पोरंसोरं खातस." आणि त्यांनी माझ्यापेक्षा मोठा गोळा उचलून तोंडात टाकला.

माझ्या मायच्या हातचा ठेचा काय चीज आहे हे शिंदखेड्याला माहीत नव्हतं. आबांचं पागोटं आधी हललं. मग त्यांना जो खोकला लागला तो थांबेचना. ते भिंतीला हात लावून खोकले, उठून खोकले, बसून खोकले. अक्का दारातून आत आल्या आणि मग पुन्हा बाहेर गेल्या. त्या गोंधळात मीही माझा साठवून ठेवलेला खोकला उरकून घेतला. आबांच्या आवाजापुढं तो कुणाला ऐकूही आला नाही.

आबा जरा थांबले. बहिणीनं तांब्या पुढं केला. ते प्यायले. तिनं तांब्या परत घेतला आणि खाली मान घालून, अगदी आदरानं विचारलं, "आबा, रातले झोप लागस ना तुम्हले?"

मायनं कपाळाला हात लावला. मला वाटलं, संपलं. ठरायच्या आधीच सून अशी बोलली तर कुठलं घर ऐकून घेईल?

आबांनी लाल डोळ्यांनी तिच्याकडे बघितलं. मग पागोटं काढून बाजूला ठेवलं, घाम पुसला.

"लागस," ते म्हणाले. "भूक बी लागस. आते खरं सांग बाई. घरमा आजारी कोन शे?"

"कोनीच नही," ती म्हणाली. "भाऊ कॉफी पेतस. हॉटेलमा पैसा लागतस म्हनीसन घर करतस. भाजतांना धूर व्हस, मंग खोकतस. पेवावर झोप येत नही. इतलंच शे. बठ्ठा आजार इतलाच."

"मनमा काही लपाडेल नही ना?"

"लपाडाले त्यास्ले काही येत नही, आबा."

आबांनी माझ्याकडे बघितलं. मी दुसरी भाकरी संपवण्याचा प्रयत्न करत होतो. मग ते म्हणाले की ती कॉफी म्हणतात ती काय चीज आहे ते बघू तरी. मायनं शिंक्यावरून पूड काढली. बहिणीनं करून आणली, जायफळ न घालता. आबांनी एक घोट घेतला, तो तोंडात इकडून तिकडे फिरवला आणि वाटी हलकेच खाली ठेवली.

"हाई पैसा दीसन पेतस?" त्यांनी मला विचारलं.

"दुप्पट," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. मला क्षय असल्याचं ऐकून त्यांना जेवढं वाईट वाटलं असेल त्याहून जास्त वाईट त्यांना त्या वेळी वाटलं, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. पण त्या वाईटाला संसर्ग नव्हता.

पागोटं डोक्यावर ठेवून ते निघाले. मोसंब्यांची पिशवी त्यांनी उचलून परत घेतली. निरोगी माणसाला मोसंबी कशाला. मी त्यांना मोटारीपर्यंत सोडायला गेलो. गल्लीत अक्का उभ्या होत्याच. त्यांनी पदर सारखा करून हळूच विचारलं, "कसं वाटनं आबा? भाऊले बरं शे ना?"

"त्याले काय धाड भरनी," आबा म्हणाले, गल्लीभर ऐकू जाईल असं. "त्याना काही इलाज नही. पन पोरले आम्ही लवकर लई जातस. इठे ऱ्हायनी तर तिले बी ती पेवानी सवय लागी."

पुढच्याच आठवड्यात आमच्या ओट्यावर सुपारी फुटली. मास्तर आला होता. तो बहिणीला काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही, कारण मी पाहुण्यांना चहा देत फिरत होतो.